सरकारे बदलली, वतनदार तेच : सातारा-सांगलीचा हिशोब

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरला. वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते. पुढची हकीकत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण पायी चालला, बैलगाडी मुलांनीच हाकली आणि सगळी रात्र तहानेने काढली. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. जयंतीच्या भाषणांत आम्ही नेहमी त्या न मिळालेल्या पाण्यापाशी थांबतो. आज रामजी सुभेदारांच्या नोकरीपाशी थांबायचे आहे. मुंबई सरकारने दुष्काळात मरणाऱ्या माणसांना काम द्यावे म्हणून तिथे तलावाची खोदाई काढली होती आणि त्या कामाचे पैसे सांभाळायला रोखपाल नेमला होता.

म्हणजे दुष्काळ, सरकारी पैसा, काम आणि पाणी या चारही गोष्टी सव्वाशे वर्षांपूर्वी खटावात एकत्र हजर होत्या. आजही आहेत. खटाव, माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही नावे प्रत्येक सरकारच्या प्रत्येक अर्थसंकल्पात वाचली गेली. पैसा आला नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तो कुठे गेला असे गावात विचारले, तर पारावरचा माणूस एका शब्दात उत्तर देतो: खाल्ला. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चोर खाऊन पळून जातो. इथे खाणारा पळत नाही. तो पंधरा वर्षांनी त्याच संस्थेचा अध्यक्ष असतो, तीस वर्षांनी त्याचा मुलगा असतो, आणि मधल्या काळात मुंबईत चार पक्षांची सरकारे होऊन गेलेली असतात. अशा व्यवस्थेला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वतन.

वतन म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. महार वतनाच्या तुकड्याभर जमिनीसाठी आमच्या आजा-पणज्यांनी अख्ख्या गावाची आणि सरकारची रात्रंदिवस सेवा केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही बेडी तोडण्यासाठी. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जमीन सरकारजमा झाली आणि ठरावीक रक्कम भरून ती नव्या शर्तीवर परत मिळणार होती. ज्यांच्याकडे रक्कम नव्हती त्यांची जमीन अडकली. ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या अनेकांची पुढे या ना त्या कागदाने दुसऱ्याच्या वहिवाटीत गेली. तुमच्या गावचा सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार काढून पाहा, आमच्या शब्दावर विसंबू नका.

त्याच दशकात, त्याच कृष्णेच्या काठी, दुसरे वतन जन्माला येत होते.

इथे घाईने बोलून चालणार नाही, कारण सातारा-सांगलीचा इतिहास नुसता लुटारूंचा नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत आणि पुढे त्याचे सांगली हे नाव होईपर्यंत हा एकच मुलूख होता. तो सत्यशोधकांचा मुलूख होता. १९१९ ते १९२१ च्या सुमारास इथल्या कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध बंड केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची पोरे एका वसतिगृहात जेवायला बसवली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथेच चालले. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील याच परंपरेतले. सावकारशाहीच्या विरोधात उभी राहिलेली ही माणसे होती, आणि त्यांनी शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना हवा म्हटले तेव्हा त्यात खोट नव्हती. शेटजी-भटजीच्या हातातून गावचे अर्थकारण काढून घ्यायचे होते. ते त्यांनी काढून घेतले. प्रश्न एवढाच आहे की काढून कोणाच्या हातात दिले. 'बहुजन' या शब्दात आम्हीही होतो. कारखान्याच्या सभासद यादीत तो शब्द आकसला.

साखर कारखान्याचा सभासद व्हायचे तर ऊस लागतो. उसाला जमीन लागते, पाणी लागते. भूमिहीनाला सभासदत्व नाही हा नियम वरवर जातीचा नाही, पण ज्या जिल्ह्यात भूमिहीन कोण हे जातीने ठरलेले आहे तिथे त्याचा परिणाम जातीचाच होतो. आता पैसा कोणाचा ते बघा. सभासदांच्या शेअर्सच्या जोडीला भागभांडवलात राज्य सरकारचा मोठा वाटा. वरच्या कर्जाला सरकारची हमी. हा पैसा सगळ्या जनतेच्या करातला, म्हणजे दोन काड्यापेट्या घेणाऱ्या आमच्या आईच्याही करातला. भांडवल सगळ्यांचे, मालकी जमीनवाल्यांची आणि सही अध्यक्षाची, असा तो कारखाना उभा राहिला.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये याच्या नेमकी उलट मांडणी केली होती. शेतजमीन राज्याच्या मालकीची, ती जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यायची, म्हणजे गावात जमीनदारही उरणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. आपले विद्वान ही मांडणी समाजवादाच्या इतिहासात कुठे बसते यावर परिसंवाद घेतात. ती आधी वाळवा-कराडच्या कारखान्याशेजारी ठेवून वाचावी. सरकारी पैसा शेतीत घालायचा यावर दोघांचे एकमत होते. त्यातला मालक कोण यावर सगळा झगडा होता आणि तो आपण हरलो.

आज सहकार कायद्यात संचालक मंडळावर जास्तीत जास्त २१ जण आणि त्यात अनुसूचित जाती व जमाती मिळून एक राखीव जागा आहे. या एका जागेवर कोण बसतो हे पॅनेलप्रमुख ठरवतो. वार्षिक सभेच्या फोटोत तो डावीकडून शेवटचा असतो.

या वतनाचा रोजचा कारभार ज्यांनी पाहिला नाही त्यांना भ्रष्टाचार म्हणजे फक्त नोटांची बंडले वाटतात. प्रत्यक्षात सगळे बारीकसारीक असते. कोणाच्या उसाला तोड आधी येणार आणि कोणाचा ऊस वाळेपर्यंत उभा राहणार. विकास सोसायटीत कोणाचे कर्ज नवे-जुने होणार. कारखान्यात, दूध संघात, शाळेत कोणाच्या पोराला चिकटवायचे. दिवाळीची स्वस्त साखर कोणाच्या घरी जाणार. यातले एकही काम उघड गुन्हा नाही. पण यातल्या प्रत्येकासाठी माणसाला वाड्यावर जावे लागते आणि मतदानाच्या दिवशी वाड्याला त्याची आठवण असते. आमच्या वस्तीतला माणूस तर सभासदही नाही, त्याला साखरही नाही. तो टोळीत कोयता घेऊन नाहीतर कारखान्याच्या बागेत रोजंदारीवर. त्याचे वाड्याशी असलेले नाते जुन्या वतनातल्यासारखेच राहिले.

१९६० मध्ये देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या वैयक्तिक प्रामाणिकपणाबद्दल विरोधकही शंका घेत नाहीत, आम्हीही घेत नाही. बौद्ध झालेल्या आमच्या लोकांना राज्यात सवलती त्यांच्याच सरकारने दिल्या, केंद्राने त्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. हे उपकार म्हणून नाही, नोंद म्हणून सांगायचे. पण त्यांच्या राजकारणाला लोकांनीच 'बेरजेचे राजकारण' हे नाव दिले. विरोधात उभा राहणारा प्रत्येक गट पंगतीत आणून बसवायचा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ च्या ६ डिसेंबरपासून तो देशभर नेला, लाखो माणसे तुरुंगात गेली. आणि १९६७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाची काँग्रेसशी युती झाली. दादासाहेबांच्या हेतूवर आम्ही बोट ठेवत नाही. त्यांच्यासारखा लढवय्या पुन्हा झाला नाही. पण जमीन मागणाऱ्या पक्षाला त्या युतीत जमीन मिळाली नाही, काही जागा मिळाल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गटाचा नेता वाटाघाटीला जातो आणि जागा घेऊन येतो.

म्हणून आम्ही म्हणतो की प्रामाणिक नेता विरुद्ध भ्रष्ट नेता अशी मांडणी आपल्या कामाची नाही. आर. आर. पाटील अंजनीच्या साध्या घरातून आले, ग्रामस्वच्छता अभियानाने त्यांनी नाव कमावले, त्यांच्या साधेपणावर आजही भाषणे होतात. त्यांच्या साधेपणाने तासगावच्या भूमिहीनाला सभासदत्व मिळाले नाही, कारण तो साधेपणाचा प्रश्नच नव्हता.

अंतुल्यांच्या काळात या यंत्रणेचा दुसरा उपयोग सगळ्या देशाला दिसला. प्रतिष्ठानांसाठी साखर कारखान्यांकडून आणि सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात बिल्डरांकडून देणग्या गोळा झाल्या, उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावे लागले. गेले ते अंतुले. कारखाना नावाची तिजोरी जागेवरच राहिली. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि साखरसम्राट शिक्षणसम्राटही झाले. गरिबांच्या पोरांना बंगळूरला जावे लागू नये असा युक्तिवाद तेव्हा झाला होता. तो आजही कौतुकाने सांगितला जातो. सांगणारे फी सांगत नाहीत.

मग १९९५ आले. पहिल्यांदाच युतीचे सरकार, सेना-भाजपचे. आमच्या अनेक मित्रांना तेव्हा वाटले होते की आता वाडे हलतील. ते सरकार उभे होते अपक्षांच्या टेकूवर, आणि त्या अपक्षांत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बंडखोर बरेच होते. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी पाणी मे २००० पर्यंत अडवले पाहिजे ही निकड खरी होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, चढ्या व्याजाचे रोखे काढून पैसा उभा केला गेला आणि एकाच वेळी शेकडो कामांच्या निविदा निघाल्या. सगळीकडे थोडे थोडे खणले गेले. ठेकेदाराला बिल सुरुवातीच्या मातीकामातच मिळते, पाणी मात्र शेवटच्या टप्प्यात येते. त्यामुळे खणणे वाढले आणि शेवटचा टप्पा कायम पुढे सरकत राहिला. ताकारी-म्हैसाळ योजनेचा अंदाज ऐंशीच्या दशकात शंभर कोटींच्या आत होता, तो पुढे हजारो कोटींत गेला. टेंभूचे पाणी आज अनेक गावांत पोचले आहे आणि तिथल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्हालाही आनंद देतो. पण जतच्या कडेची गावे अजून मोर्चेच काढत असतात, आणि जिथे पोचले तिथेही ते जमिनीच्या एकरांवर वाटले जाते. ज्याला एकर नाही त्याला पाण्याचा वाटा नाही.

२०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच छापले की दहा वर्षांत सिंचनाचे क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. खर्च सत्तर हजार कोटींच्या घरात. जलसंपदा खात्यातील अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून वाचा फोडली, सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरात ते परत उपमुख्यमंत्री झाले. विरोधी बाकावरचा भाजप बैलगाडीभर पुरावे असल्याचे सांगत होता. पुढे भाजपचेच सरकार आले. २०१९ च्या नोव्हेंबरात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचे तीन दिवसांचे सरकार बसले. त्या तीन दिवसांतच, २५ तारखेला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सिंचनाच्या नऊ चौकशा बंद केल्या. यातली एकही अजित पवारांशी संबंधित नाही असा खुलासाही विभागाने केला. खुलासा खरा धरून चालू. ज्यांच्याशी संबंधित होत्या त्यांचे काय झाले?

आता कोरेगाव तालुक्यातील चिमणगावला जाऊ. या साऱ्या इतिहासाचा एकच नमुना दाखवायचा असेल तर आम्ही जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना दाखवू. तो उभा केला शालिनीताई पाटलांनी. वसंतदादांच्या पत्नी, माजी महसूलमंत्री, कोरेगावच्या आमदार. जातीवर आधारित आरक्षणाला उघड विरोध करून आर्थिक निकष मागणाऱ्या याच. त्याच भूमिकेमुळे २००६ मध्ये त्यांच्या पक्षाने त्यांच्यावर कारवाई केली. तेव्हा आमच्या त्या कोणी नव्हेत. तरी त्यांच्या कारखान्याचे जे झाले ते नीट समजून घ्या. कारखाना राज्य सहकारी बँकेच्या कर्जात बुडाला. बँकेने तो २०१० मध्ये लिलावात काढला. ६५ कोटी ७५ लाखांना एका खासगी कंपनीने तो घेतला आणि लगेच दुसऱ्या खासगी कंपनीला चालवायला दिला. त्या दुसऱ्या कंपनीतला मोठा हिस्सा ज्या तिसऱ्या कंपनीकडे होता, तिचा संबंध अजित पवार आणि त्यांच्या पत्नीशी असल्याचा सक्तवसुली संचालनालयाचा म्हणजे ईडीचा आरोप. अजित पवार लिलावाच्या वेळी त्याच बँकेच्या संचालक मंडळावर होते. गैरव्यवहाराचा आरोप त्यांनी कायम नाकारला.

हजारो सभासदांच्या शेअर्सचा कारखाना, सरकारी भागभांडवलाचा कारखाना, शेवटी कागदावर काही कंपन्यांचा झाला. सभासदाचे सहकारी वतनही गेले. वतनदारालाच मोठा वतनदार गिळतो तो असा.

मे २०११ मध्ये कराडचेच पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशावरून राज्य बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. त्यात जवळपास सगळ्या पक्षांची माणसे होती, ही गोष्ट भाजपवालेही विसरतात आणि काँग्रेसवालेही. ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हा दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. जुलै २०२१ मध्ये ईडीने जरंडेश्वरवर टाच आणली. तेव्हा मुंबईत महाविकास आघाडी होती आणि भाजपचे नेते जरंडेश्वरच्या नावाने पत्रकार परिषदा घेत होते. एप्रिल २०२३ मध्ये ईडीचे आरोपपत्र आले, त्यात कंपन्या होत्या, पवार पती-पत्नी आरोपी म्हणून नव्हते. २७ जून २०२३ ला पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांची यादी वाचली, त्यात सहकारी बँकही होती आणि सिंचनही. २ जुलैला अजित पवार त्यांच्या पक्षाच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. जानेवारी २०२४ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने पुन्हा तपास बंद करण्याचा अहवाल दिला.

या सगळ्या तारखा पाठ करा. कोणी भाऊ तुम्हाला सांगेल की अमुक सरकार आले म्हणजे तमुक तुरुंगात जाईल, तेव्हा त्याला या तारखा क्रमाने वाचून दाखवा. सातारा-सांगलीतले वाडेही त्याच क्रमाने सरकले. २०१४ ला सांगलीत, २०१९ ला साताऱ्यात, ज्याचे सरकार येणार वाटले त्याच्याकडे.

आणि आता आमच्या घरचे. हा भाग लिहिताना आमच्यात वाद झाला, पण दुसऱ्याच्या ताटाचा हिशोब मागणाऱ्याने आपलेही ताट उघडे ठेवावे. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. त्यांच्या नावाने १९८५ मध्ये मातंग समाजासाठी महामंडळ निघाले. त्याच महामंडळात तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप झाला आणि अध्यक्ष राहिलेले मोहोळचे आमदार रमेश कदम यांना २०१५ मध्ये अटक झाली, ते कित्येक वर्षे तुरुंगात होते. आरोप सिद्ध होणे ही न्यायालयाची बाब आहे. पण वाटेगावच्या ज्या पोराला बँडच्या साहित्यासाठी पन्नास हजारांचे कर्ज हवे होते त्याचे काय? महामंडळाचे कामच वर्षानुवर्षे थंडावले. एक लक्षात घ्या. कारखान्याच्या अध्यक्षावर आरोप झाला की तो मंत्री होतो. आमच्या महामंडळात आरोप झाला की अध्यक्ष तुरुंगात जातो आणि महामंडळच बसते.

मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थांची योजना अशीच. सभासदांनी ५ टक्के घालायचे, ३५ टक्के सरकारी भागभांडवल, ३५ टक्के सरकारी कर्ज, उरलेले बँकेचे. कागदावर याहून चांगली योजना नाही. आम्ही एका तालुक्यात अशा एका संस्थेच्या पत्त्यावर गेलो. पत्र्याची शेड होती, कुलूप होते, आत यंत्र नव्हते. सभासद यादीतल्या एका मावशींना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कशाची संचालक? सह्या घ्यायला आले होते, घरकुलाच्या म्हणून." सह्या घेणारा आमच्याच वस्तीतला होता. त्याला पाठवणारा नव्हता.

अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी दुसरीकडे वळवायचा नाही असा कायदा आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच केला. महाराष्ट्राने केला नाही. एकाही सरकारने. २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर तक्रार केली. मंत्री सरकारातच राहिले, पैसेही गेले.

दुसरे काही होऊच शकत नव्हते असे मात्र नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर, बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. गावाने ती लूट अडवली, स्वतःपुरती वाळू विकून आणि श्रमदान करून धरणाचा पैसा उभा केला. पाणीवाटपाचे तत्त्व ठरले ते असे: पाणी कुटुंबाला, एकराला नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. त्या चळवळीत कासेगावचे भारत पाटणकर होते, गेल ऑम्वेट होत्या. सगळे तत्त्व शेवटपर्यंत अंमलात आले असा आमचा दावा नाही. तरी सांगली जिल्ह्यात, कारखान्यांच्या धुराड्यांपासून तासाभराच्या अंतरावर, भूमिहीनाच्या नावाने पाणी मोजायचे ठरले होते ही गोष्ट कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडत नाही.

सप्टेंबरअखेर साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. कारखान्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की २०१३ च्या थलप्पलम निकालाचा आधार देऊन तो परत येतो. पण त्याच निकालाप्रमाणे निबंधकाला कायद्याने मागवता येणारी माहिती निबंधकाकडून मागता येते, आणि साखर कारखान्यांसाठी ते कार्यालय प्रादेशिक सहसंचालकांचे आहे. यंदा आम्ही अर्ज तिथे टाकले आहेत. तीनच प्रश्न विचारले आहेत. एकूण सभासद किती आणि त्यात अनुसूचित जातीचे किती. सरकारी भागभांडवल किती आले आणि किती परत केले. राखीव जागेवरच्या संचालकाने पाच वर्षांत इतिवृत्तात कितीदा तोंड उघडले. आमच्यातल्या ज्यांच्या घरात शेअर आहे ते हेच प्रश्न लेखी घेऊन सभेत बसतील. तुमच्या तालुक्यात कारखाना असेल तर अर्जाचा मसुदा आमच्याकडून घेऊन जा.